घोडेवाला थोर की दगडवाला

दोन अनोळखी घरं तीन तास एका खोलीत बसवायची आणि भांडण होऊ द्यायचं नाही, तर विषय कोणता काढावा हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. ही फुशारकी नव्हे, नोंद आहे. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या भांडारात मी सव्वीस वर्षं काढली आहेत. कुणी किती वॉशर नेले, हे मी लिहून ठेवतो, आणि नेताना कुणाची नजर कशी होती, हेही. वॉशरपेक्षा माणसं लवकर झिजतात, एवढं मी तुम्हाला अनुभवाने सांगू शकतो.

आमच्या मुलीचं लग्न तीनदा जुळता जुळता मोडलं. पहिल्यांदा निवडणुकीचा विषय निघाला. दुसऱ्यांदा तब्येतीचा. आमचे काका, म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, बॉयलर तपासनीस म्हणून निवृत्त झालेत. मुलाच्या वडिलांना त्यांनी जाता जाता सांगितलं, "तुमच्या श्वासाला शिट्टी आहे. असा आवाज आला की आम्ही चोवीस तासांत बॉयलर बंद करायचो." तिसऱ्यांदा मी खबरदारी घेतली आणि फक्त हवेवर बोलायचं ठरवलं. हवा चार मिनिटं टिकते. पाचव्या मिनिटाला मुलाचे मामा म्हणाले, "तुमच्या घरात मात्र जरा कोंदट आहे." बायकोने उठून खिडकी उघडली. नंतर तिने दारही उघडलं.

त्यानंतर मी एक वही घातली. वहीचं नाव 'विषय आणि धोका'. डावीकडे विषय, उजवीकडे धोका, दहापैकी. जमीनजुमला दहा. खेळ सात. मुलांचे गुण आठ. आणि सगळ्यांत खाली, कला: शून्य. कारण सरळ आहे. ज्याच्या घरात जी वस्तू नाही, त्यावरून त्या घरात भांडण होत नाही.

चौथं स्थळ आलं ते चश्मेवाल्यांचं. चश्म्याचं दुकान, बायको शाळेत मुख्याध्यापिका, एकुलता मुलगा. मुलगा एका मोठ्या कंपनीच्या तक्रार विभागात. दिवसभर लोक फोनवरून शिव्या देतात आणि हा ऐकून घेतो. स्वभाव शांत आहे, असं आम्हाला सांगण्यात आलं. आमची मुलगी काँक्रीटच्या प्रयोगशाळेत असते. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवलेला ठोकळा यंत्रात घालायचा, भार वाढवत न्यायचा आणि तो कितीला फुटतो ते लिहायचं, हे तिचं काम. ती त्या मुलाला दोनदा बाहेर भेटली आणि घरी येऊन म्हणाली, "चालेल."

तुम्हाला कल्पना नाही हा शब्द केवढा आहे. एक अख्खा पूल पास झाला तेव्हाही ती एवढं बोलली नव्हती.

बायकोने त्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "अहो, तिने स्वतःहून चालेल म्हटलंय. आता तुमच्या नियोजनाने बिघडलं, तर ती वही मी चुलीत घालीन."

"आपल्याकडे चूल नाही."

"आणीन."

आता नुसती तारीख ठरायची राहिली होती. हॉल तीन दिवस मोकळा होता. त्या तीन तारखा मी एका कागदावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवल्या. त्याआधी दिवस आणि वेळ ठरवण्याच्या निमित्ताने मी चश्मेवाल्यांच्या घरी पाच मिनिटं जाऊन आलो. पाच मिनिटं मला पुरतात. बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठं चित्र होतं. ओढ्याकाठी तीन घोडे, त्यातल्या एकाने मान वळवलेली. घरात एवढं मोठं चित्र तेवढं एकच. म्हणजे माणूस रसिक, आणि रसिकता घोड्यांपाशी. नोंद केली.

वाचनालयातून चित्रकारांवरचं एक पुस्तक आणलं आणि घोडे शोधले. एकशे बाराव्या पानावर सापडले. चित्रकाराचं नाव एवढं लांब होतं की काका अर्ध्यात खोकले. म्हणून आम्ही घरात त्याला घोडेवाला म्हणू लागलो. तीन दिवसांत मी सगळ्यांची तयारी करून घेतली. बायकोने म्हणायचं, "रंग कसे बोलतात." काकांनी म्हणायचं, "मानेचं वळण पाहावं." आणि कुठे अडचण आलीच, तर सर्वांसाठी एक राखीव वाक्य: "दोघंही आपापल्या जागी थोरच." हे वाक्य कुठेही बसतं. मी ते आंघोळ करतानाही म्हणून पाहिलं.

मुलीने काहीही पाठ करायला नकार दिला. "मी कप आणीन," ती म्हणाली.

मधल्या काळात चश्मेवालेही आमच्याकडे पाच मिनिटं येऊन गेले होते. रीतसर परतभेट. इकडेतिकडे पाहत होते खरे. पण चश्मेवाला पाहणारच, असं मला वाटलं. ही एक नोंद मी करायला हवी होती.

रविवारी चार वाजता मंडळी आली. चश्मेवाले, मुख्याध्यापिकाबाई आणि मुलगा. मुलाने बूट इतक्या हळू काढले, जणू बुटांनाही वाईट वाटू नये. चहा झाला, बिस्किटं फिरली. हवा साडेतीन मिनिटांत संपली आणि मी माझा पत्ता टाकला.

"बाकी काही म्हणा," मी म्हणालो, "सार्वकालिक थोर कलावंत कोण, या बाबतीत आमच्या घरात दुमत नाही. घोडेवाला. बस्स."

चश्मेवाल्यांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तिथे वेगळंच काहीतरी दिसलं. पेपरात न वाचलेला प्रश्न आला की दिसतं ते.

"घोडे ठीक आहेत," ते म्हणाले. "पण थोर म्हणायचं तर शिल्पकारच. दगडवाला. ज्याने ती बिनअंगाची डोकी केली. दगडात जीव ओतायचा म्हणजे खायचं काम नाही."

"ओतायचं तर रंगही ओतावे लागतात."

"रंग नळीतून येतो. दगड डोंगरातून आणावा लागतो."

"मग ट्रकवाला थोर म्हणायचा," मी म्हणालो.

हे मी म्हणायला नको होतं. पण आत्तापर्यंत आमचं बरंच हसत चाललं होतं. शिवाय मला माघार घेणं शक्यच नव्हतं. मला एकच कलावंत येत होता. ज्याने एकच निबंध पाठ केला आहे, तो प्रश्न कोणताही येवो, तोच निबंध लिहितो. चश्मेवाल्यांचीही तीच गत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"काका, तुम्ही सांगा," मी कुमक मागवली.

काका तयारच होते. "मानेचं वळण पाहावं," ते म्हणाले.

"कुणाच्या?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

एवढ्या पुढचं काकांना शिकवलेलं नव्हतं. त्यांनी थोडा विचार केला आणि चाळीस वर्षांचा अनुभव बाहेर काढला. "तसं पाहिलं तर रंगाचं काही खरं नाही. वाफ लागली की पोपडे धरतो. मी बॉयलरवर पाहिलंय. दगड टिकतो. दगडवाल्याचं बरोबर आहे."

"काका, आपण ठरवलं होतं..."

"तू ठरवलं होतंस. मी ऐकून घेतलं होतं."

मी बायकोकडे पाहिलं. रंग कसे बोलतात, हे आता कुणीतरी सांगणं गरजेचं होतं. ती म्हणाली, "मला तर दगडवालाच बरा वाटतो."

"तुला कधीपासून?"

"तुम्ही बोलायला लागल्यापासून."

चश्मेवाले खुर्चीत मागे रेलले. विजयाने माणसाचं पोट पुढे येतं, हे मी कारखान्यात संपानंतर पाहिलं होतं. "आणि तुम्ही तरी असं बोलू नये," ते मला म्हणाले, "तुमच्याच घरात केवढं सुंदर डोकं ठेवलंय."

"कुठे?"

त्यांनी बोट दाखवलं. चपलांच्या कपाटावर काकांचं दगडी डोकं होतं. हे डोकं काकांना एका जुन्या कारखान्याच्या आवारात सापडलं. कोळशाच्या कोठीचं दार उघडं राहावं म्हणून तिथे ते टेकू म्हणून लावत. काकांनी ते घरी आणलं, कारण त्यावर ठेवलेली टोपी चुरगळत नाही. पाहुणे येणार म्हणून बायकोने टोपी उचलून ठेवली होती.

"ते?" मी म्हणालो. "ते काकांच्या टोपीचं आहे. आणि तुमच्या भिंतीवर तीन घोडे आहेत, त्यांचं काय?"

"ते होय? ते फ्यूज बॉक्सवर लावलंय. आधीच्या भाडेकरूचं आहे. काढलं तर बॉक्स दिसतो."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. इथे आम्ही दोघांनी दुसऱ्याचं कार्टं कडेवर घेतलं होतं, बाब्या बाब्या करत नाचवलं होतं, आणि ज्याचं म्हणून नाचवलं तोच ते ओळखत नव्हता. एखाद्या शहाण्या माणसाने इथे हसून विषय बदलला असता. आम्ही दोघं होतो म्हणजे ती शक्यता दोनदा होती. दोनदा गेली.

कारण एव्हाना मत तयार झालं होतं. माणूस दुसऱ्याला खूश करायला मत उसनं आणतो, आणि पंधरा मिनिटं त्यासाठी भांडला की ते वाडवडिलांपासून चालत आल्यासारखं वागवतो. मी घोडेवाल्याचं एक पान वाचलं होतं. पण कुणी त्याच्या घोड्याला हात लावला तर मी जोडा काढायला तयार होतो.

"फ्यूज बॉक्सवर लावा नाहीतर गटारावर," मी म्हणालो. "थोर तो थोर."

"टोपी ठेवल्याने दगडवाल्याची थोरवी कमी होत नाही," चश्मेवाले म्हणाले.

"उलट टोपी छान बसते," काका म्हणाले.

आवाज वाढले तशा मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या. "गोंगाट नको. एकेकाने बोला. हे असं नाही संपायचं, गुण द्यावे लागतील. कागद?"

टेबलावर कागद होताच. त्यांनी तो उलटा केला आणि रकाने आखले. मौलिकता वीस, नीटनेटकेपणा वीस, मेहनत तीस, वर्तन तीस. वर्तनावर काका म्हणाले की कलावंत मेलेले आहेत. "मेल्यावर सगळेच चांगले वागतात," बाई म्हणाल्या आणि दोघांना अठ्ठावीस दिले. नंतर त्या चपलांच्या कपाटापाशी गेल्या, डोकं निरखून पाहिलं आणि परत आल्या.

"याला एक कान नाही."

"तुटलाय," काका म्हणाले. "दारात चेंगरून."

"कारण मला नको. घोड्यांचे बारा पाय बारा दिसतात, मी रोज पाहते. अपूर्ण उत्तराला मी पूर्ण गुण देत नाही." त्यांनी दगडवाल्याचे मेहनतीतले नऊ कापले आणि नवऱ्याकडे पाहिलंही नाही.

मी खूश झालो. चश्मेवाले लाल झाले. "तू घरात त्या चित्राकडे कधी पाहिलंस? फ्यूज गेला की पाहतेस."

"फ्यूज वर्षातून दहादा जातो. तुम्ही बदलता का कधी?"

एव्हाना कलेशी आमचा संबंध फ्यूज बॉक्सचा घोड्यांशी असतो तेवढाच उरला होता. बाईंनी हात वर करायला लावले. घोडेवाल्याकडे मी आणि बाई. दगडवाल्याकडे चश्मेवाले, काका आणि माझी सख्खी बायको. तीन विरुद्ध दोन.

"तू रे?" बाईंनी मुलाला विचारलं.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की मुलगाही खोलीत आहे. दीड तास तो बशीतल्या एकाच बिस्किटाकडे सौजन्याने पाहत होता. त्याने घसा साफ केला.

"दोन्ही बाजूंचं म्हणणं अगदी बरोबर आहे," तो म्हणाला. "मी आपली भावना समजू शकतो. माझ्या मते, दोघंही आपापल्या जागी थोरच."

मी थक्क झालो. माझं राखीव वाक्य. शब्दन् शब्द. न शिकवता. एवढ्या गुणाचा मुलगा कंदील घेऊन शोधला तरी मिळणार नाही. मी मनातल्या मनात पत्रिका छापायला टाकली आणि अभिमानाने मुलीकडे पाहिलं.

मुलगी ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने ट्रे खाली ठेवला आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसली. प्रयोगशाळेत ती अशीच बसते, हातांची घडी घालून.

"पण तुमचं मत काय?" तिने त्याला विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं घोडेवाला भिकार आहे."

"तसंही म्हणता येईल. बरोबर आहे तुमचं."

"नाही, नीट विचार केला तर थोर आहे."

"अगदी. तेही खरंच आहे."

"खरं म्हणजे घोडेवाला आणि दगडवाला हा एकच माणूस होता."

मुलगा थबकला. त्याच्या कपाळावर घाम होता. बाईंनी खडू शोधावा तसे हात चाळवले. चश्मेवाले हळूच म्हणाले, "अरे, नाही म्हण." पण सवय फार वाईट. रोज ऐंशी फोन म्हणजे थोडेथोडके नाहीत.

"असू शकतं," तो म्हणाला. "आपण हे लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल आभारी आहे."

मुलीने मान हलवली. रागाने नव्हे. एखादा आकडा लिहून घेतल्यावर हलवतात तशी. मग तिने कप गोळा केले.

मंडळी सातला गेली. तारखांचं कुणी नावही काढलं नाही. जिन्यावरही चश्मेवाले मला म्हणत होते, "दगडाचं एक तुम्ही ध्यानात घेत नाही आहात," आणि मी त्यांना म्हणत होतो, "पुढच्या रविवारी या, पुस्तकच दाखवतो."

आत आलो तेव्हा मुलगी चश्मेवाल्यांची बशी पुसत होती.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?" बायको म्हणाली. "अगं, तूच चालेल म्हणाली होतीस. बिचारा किती शांत आहे. सगळ्यांचं ऐकून घेतो."

"आई, दोनदा भेटलो तेव्हा मी म्हणेन तिथे जेवलो, मी म्हणेन ते पाहिलं. मला वाटलं, आमचं जमतंय. आज कळलं, जमवायला दुसरं कुणी नव्हतंच." तिने बशी ठेवली. "ठोकळा वीस टनांना फुटला तर मी वीस लिहिते. चाळीसला फुटला तर चाळीस. फुटलेला ठोकळा वाईट नसतो, त्याचं काहीतरी माप असतं. हा भारच घेत नाही. कणिक यंत्रात घातल्यासारखं. आयुष्यभर मीच दाबत राहायचं आणि काटा शून्यावर."

बायको खुर्चीवर बसली. तारखांचा कागद टेबलावर होता. मी तो उलटून पाहिला. एका बाजूला तीन तारखा, माझ्या सुवाच्य अक्षरात. दुसऱ्या बाजूला घोडेवाला एक्याऐंशी, दगडवाला बहात्तर, खाली बाईंची सही.

"वही कुठे आहे?" बायकोने विचारलं.

मी दिली. चूल तिने आणली नाही. वही तिने काकांना दिली आणि काकांनी ती डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घातली. टेबल तेव्हापासून हलत नाही. विषयांचा एवढा उपयोग आजवर कुणी केला नसेल.

चश्मेवाले मात्र दर रविवारी येतात. मुलाला आता बढती मिळाली आहे, असं सांगतात. तक्रारींचा प्रमुख झाला. लग्न मोडलं याचं त्यांना वाईट वाटतं, पण वाद मोडला असता तर अधिक वाटलं असतं. काका त्यांना दगडी डोकं मांडीवर घेऊ देतात. तिसऱ्या रविवारी तर ते तिन्ही घोडेच घेऊन आले. "फ्यूज बॉक्सला झाकण मिळालं," म्हणाले. "तुमच्या देवाला तुम्हीच ठेवा."

मी चित्र बैठकीच्या भिंतीवर लावलं. चित्राखालीच चश्मेवाल्यांची खुर्ची ठेवली. त्यांनी वर मान करून हार पाहावी म्हणून. ते गेल्यावर मुलगी समोर उभी राहिली आणि कोपऱ्यात वाकून पाहू लागली.

"बाबा, तुमच्या पुस्तकातल्या घोडेवाल्याचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. एव्हाना मला ते न खोकता सांगता येत होतं.

"इथे दुसरंच आहे."

मी चश्मा लावला. कोपऱ्यात, तिसऱ्या घोड्याच्या मागच्या खुरापाशी, चार अक्षरांचं नाव होतं. कुणाचं, देव जाणे. मी एवढे दिवस, बायकोला, काकांना आणि होऊ घातलेल्या व्याह्यांना अंगावर घेऊन, ज्याच्यासाठी लढलो, त्याने हे घोडे कधी पाहिलेही नव्हते.

मुलगी वाट पाहत होती. हातांची घडी घालून.

"म्हणजे मग थोर कोण?" तिने विचारलं. "पुस्तकातला, की हा?"

मी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा चश्मेवाल्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे.

"दोघंही," मी म्हणालो, "आपापल्या जागी थोरच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आत निघून गेली. काटा कितीवर होता, ते मी विचारलं नाही.